खुशालरावांची काळी टेप

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. मोर्शीतलं एक घर आहे, आणि खुशालराव कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर काळी टेप चिकटवत आहेत. चाळीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं. आधी मेन स्विच बंद, मगच वायरीला हात.

“आबाजी, हे कावून करून राहिले?” नऊ वर्षांच्या नातीनं, हर्षानं विचारलं.

“कंपन्यावाले घरात डोकावतात, बाई. आपल्याले काय दुखते, काय खुपते, सारं टिपून ठेवतात.”

कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टिम काढून त्यांनी पाळत न ठेवणारी, फुकटची सिस्टिम टाकून घेतली होती. घरातल्या फोनांचं लोकेशनही बंद केलं होतं. कारण एक गोष्ट लपवायची होती. त्यांच्या बायकोची, वच्छलाबाईंची, स्मरणशक्ती हळूहळू जाणार, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वच्छलाबाईंची आईही याच दुखण्यात घराचा रस्ता विसरली होती. “संत्र्याची तोड होऊ द्या,” खुशालराव मुलाला म्हणाले होते, “मंग मीच सांगतो तिले.”

तेवढ्यात वच्छलाबाई फोन घेऊन आल्या.

“अवो, पाहा बरं. मी लोणच्याचा व्हिडिओ लावला, तं खाली हेच येते. ‘विसरायला होतं? घराचा रस्ता आठवत नाही?’ सकाळपासून चारदा. मलेच कावून इचारून राहिले हे?”

हर्षाचा चेहरा उतरला. ती आबाजींच्या कानाशी लागली. “काल आजीनं मले आत्याच्या नावानं हाक मारली. म्या तिच्याच फोनले इचारलं, आजी नाव विसरते तं काय करावं.”

खुशालराव तिला रागावले नाहीत. चष्मा चढवून ते फोनमध्ये एकेक बटण बंद करत गेले. जाहिरात गेली, पुन्हा आली.

“याले मेन स्विचच नाही,” ते पुटपुटले.

“अमरावतीच्या डाक्टरनं हेच सांगतलं काय?” वच्छलाबाईंनी हळूच विचारलं.

खुशालरावांनी फोन टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

हर्षानं टेबलावरची टेप घेतली, दातानं तुकडा तोडला आणि जाहिरातीवर चिकटवला. तिच्या बोटानं फोनवरचं चित्र वर सरकलं. टेप जागेवर राहिली, जाहिरात तिच्याखालून वर आली.

हर्षानं दुसरा तुकडा तोडला.