घायपाताची फळी

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मलाही बसला नसता, पण काय करणार, घडलं ते माझ्याच बाबतीत. तापीच्या भर पुरात मी उभ्यानं गेलोय आणि माणूस घेऊन आलोय. पाण्यावर फळी, फळीवर मी. माझ्या धाकट्या भावाला, कौतिकलाच विचारा म्हटलं असतं, पण तो नेमका आज भुसावळला गेलाय. त्याला माझा इलाज नाही. तुम्ही आपल्या शेंगा फोडत ऐका.

लढाईवरून परतलेला आपला तोताराम रेल्वेत लागला होता. कुठल्याशा बेटावर त्यानं माणसं फळीवर उभी राहून समुद्राच्या लाटेवरून येताना पाहिली होती. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी तो गावी आला, तो भंगारातली रबरी फेसाची गादी घेऊन. तसली फळी करायची म्हणून ती पाटाला बांधून विहिरीत सोडली. गादीनं एवढं पाणी पिलं की वर ओढायला अर्धी गल्ली लागली. तोताराम म्हणाला, "साहेबाच्या बुडाखालची वस्तू ती, तिला पोहणं काय माहीत!"

मग मी डोकं चालवलं. बांधावरच्या घायपाताला फुलोरा येऊन गेला की त्याचा उंच दांडा जागच्या जागी वाळतो. दिसायला वासा, उचलायला पीस. असे दांडे तासून शेजारी शेजारी बसवले, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, केळीच्या सोपटाच्या दोरीनं आवळले. फटींत कापूस आणि राळ. पाणी शिरू नये म्हणून वरून बिब्ब्याचं तेल चोपडलं. बिब्बा अंगावर उतला तर कातडी सोलून निघते, पण फळीला तो मानवला. पुढून निमुळती, मागून रुंद, माणसाहून हातभर लांब. आणि काळीकुट्ट.

हा जीवराम, समोर बसलाय तोच, तेव्हा म्हणाला, "कोणाची तिरडी बांधताय आबा?"

हसा. तेव्हाही बठ्ठं गाव हसलं होतं. फळी गोठ्यात पडून राहिली, आणि भादव्यात तापी चढली.

नदीतल्या बेटावर आमचा चारा होता. तो आणायला कौतिक सकाळी गेला आणि वरून पाणी आलं. आधी आवाज आला, पुलावरून मालगाडी जावी तसा. फक्त ही गाडी संपेना. नाव दोर तोडून गेली. चारा गेला, बेट गेलं. उरली एक बाभूळ आणि बाभळीवर कौतिक.

काठावर त्याची बायको लताबाई हाका मारत होती. पलीकडून ओ नाही. पट्टीचे पोहणारे पुढे झाले, तेवढ्यात एक बैल वाहत आला. जिवंत होता. आमच्याकडे बघत बघत गेला. पोहणारे मागे सरले.

मी फळी काढली, लोटली, उडी मारली आणि उभा राहिलो. लाट आली की गुडघे वाकवायचे, एवढंच. पहिल्या लाटेनं इतकं उचललं की देवळाचा कळस मला पायाखाली दिसला.

पण खरी भीती फळीवर नव्हती, गड्यांनो. खरी भीती त्या बाभळीवर. पाणी पायाला लागतं, तुम्ही एक फांदी वर जाता. पाणीही येतं. काटा तळहातात रुततो, पण हात सोडवत नाही. मुंगळे वर चढतात, त्यांना तरी दुसरी जागा कुठंय? डोळ्यांत शिरतात, झटकायला हात मोकळा नाही. मग शेजारच्या फांदीवर साप येतो. काही करत नाही. तुमच्यासारखाच फांदीला धरून थरथरतो. साप भ्यालेला पाहिला ना, की आतलं सगळं पाणी होतं. मुतलेलं पायावरून ओघळतं, तीच काय ती ऊब. झाड मुळातून करकरतं आणि जरा कलतं. परत करकरतं. काठावरची माणसं तोंडं उघडतात, ऐकू येतं ते फक्त पाणी. ओ द्यावी तर दात बसलेले.

आणि मग ती दिसते. काळी, निमुळती. एकदा दिसते, एकदा बुडते. तिच्यावर माणूस पालथा पडून हातांनी पाणी मारतोय. वाटतं, जीवराम खरं बोलला. आपलीच तिरडी आली.

"पालथा?" जीवरामच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्ही तर उभे होता ना आबा?"

"जवळ येईस्तोवर पालथा. मग उभा. मधे बोलू नको. तर मी ओरडलो, सोड फांदी! कौतिक सोडेना. एकेक बोट उचकटलं, तेव्हा सुटला. त्याला पाठीवर घेतलं, मी खाली फळीवर छाती टेकून, आणि मागे ती बाभूळ आडवी झाली. सापासकट. काठाला लागलो तरी कौतिक माझी मान सोडीना. लहान लेकरासारखा..."

"पुरे आता!" आमची घरधनीण सुगंधाबाई सूप आपटून म्हणाली. "बिब्बा उतला तो कौतिकभावजींच्या छातीवर. दिवाळीपर्यंत अंगात सदरा घालता आला नाही त्यांना. तुमच्या तळहातांतले काटे मी सुईनं काढले. अन् काठावर हाका मारायला लता नव्हती, मी होते. झाडावर तुम्ही होते!"