शंभर ग्रॅम चांदी

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही, आणि वय विचाराल तर चार वर्षं. आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे उतारवय. मी एक पॅकेज आहे. संगणकावर संख्याशास्त्राची आकडेमोड करायला 'आर' नावाची एक भाषा असते, तिच्यात लिहिलेलं लहानसं, घरगुती पॅकेज. पूजेला बसण्याआधी हळदकुंकू, फुलं, वात, काडेपेटी तबकात मांडून घेतली म्हणजे मधेच उठावं लागत नाही ना, तसं रोज लागणारं आकडेमोडीचं सामान माझ्यात मांडून ठेवलेलं आहे. म्हणून माझं नावही तबकच.

मला बनवलं श्रियाताईंनी. बेळगावातल्या एका लहानशा संस्थेत त्या काम करतात. गावोगावच्या अंगणवाड्यांतून बाळांची वजनं येतात. कोणतं बाळ अशक्त आहे त्याची यादी करून दर महिन्याच्या पाच तारखेला डॉक्टरांकडे पोचवायची, हे त्यांचं काम. आधी त्या दर महिन्याला तेच आदेश नव्याने लिहायच्या आणि कुठेतरी चुकायच्या. शेवटी त्यांनी एका फोल्डरात सगळं लावलं. एका फाइलीत माझं नाव, त्यांचं नाव, आवृत्तीचा क्रमांक. बाकीच्या फाइलींत माझी कामं. मग मला बांधून तपासणीला घातलं. अकरा चुका निघाल्या. दुरुस्त करून पुन्हा तपासलं, सात निघाल्या. तिसऱ्या दिवशी एकही निघाली नाही, आणि मी त्यांच्या लॅपटॉपवर बसलो. एका ओळीत हाक मारली की हजर.

त्यातलं एक काम मला फार आवडायचं. आपल्याकडे बाळाच्या कमरेला चांदीचा करदोटा असतो, पायांत वाळे असतात. काट्यावर ठेवतानाही आया ते काढू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून प्रत्येक वजनातून मी शंभर ग्रॅम चांदी वजा करायचो. शेजारच्या टेबलावरच्या सुहासदादांनीही मला आपल्या संगणकावर बसवून घेतलं. "तुझं तबक बरं आहे गं श्रिया, माझी दोन दिवसांची कटकट गेली," असं ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

पुढे सदलग्याकडच्या एका मळ्यातल्या अंगणवाडीतली बाळं भलतीच हलकी दिसायला लागली. श्रियाताईंनी तिथल्या सेविका अंबुबाईंना फोन केला.

"मी चांदी वजा करूनच लिवते की ओ," अंबुबाई म्हणाल्या. "वीस वर्सं झाली. करदोटा बघितला की मला वजन कळतंय."

म्हणजे चांदी दोनदा वजा होत होती. श्रियाताईंनी माझ्यात एक ओळ घातली : मळ्याच्या अंगणवाडीचं काही वजा करायचं नाही. का, ते लिहिलं नाही. आवृत्तीचा क्रमांकही बदलला नाही. सावकाश लिहू म्हणाल्या, आणि राहून गेलं.

दोन वर्षं गेली. गेल्या जूनमध्ये अंबुबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी सौम्या आली. पोरगी नेकीची. काटा दाखवेल तेच लिहायची, ग्रॅमही इकडचा तिकडे नाही. मळ्यातली झाडून सगळी बाळं एका महिन्यात जड झाली, आणि मला चैन पडेना. असं कधी होतं का? पण मित्रांनो, मला बोलायला एकच जागा आहे, पडद्यावरची लाल सूचना. ती केव्हा द्यायची हेही आधी कुणीतरी माझ्यात लिहावं लागतं. ते लिहिलेलं नव्हतं. नीलम नावाच्या एका आईची मुलगी तीन महिने अशक्तपणाच्या रेषेच्या जेमतेम पन्नास ग्रॅम वर दिसत राहिली. ते पन्नास ग्रॅम चांदीचे होते; आता ती कोणीच वजा करत नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी टोचत होतं. तीन याद्या मी दिल्या, तिन्हींत ती नव्हती.

गौरीच्या हळदीकुंकवाला अंबुबाई नीलमच्या घरी गेल्या आणि तिथूनच त्यांनी फोन लावला.

"श्रियाक्का, नीलमची पोरगी तुमच्या यादीत हाय का?"

"नाही. तिचं बरं आहे, अंबुबाई."

"बरं? मांडीवर घेतली तर पोरगी हाय का नुसता करदोटा हाय कळंना. तुमच्या मशीनला एकदा मांडीवर पोर घ्यायला लावा."

श्रियाताईंनी फोल्डर उघडलं. ती ओळ त्यांना दिसली. त्यांनीच लिहिलेली, पण कशासाठी, ते आठवेना. आठवलं तेव्हा आवाज बारीक झाला.

"सौम्याला सांगितलं होतं का, चांदी वजा करायची म्हणून?"

"न्हाई. त्यात सांगायचं काय, बघून कळंल म्हटलं. तुम्ही तरी लिवून ठेवलता व्हय?"

"मीही नाही."

घाईघाईत त्यांनी ती ओळ खोडली, यादी मागितली, आणि मी तीच जुनी यादी दिली. काय करू? फोल्डरातला मी बदललो होतो, लॅपटॉपवर बसवलेला मी जुनाच होतो. दोनदा मागितली, दोनदा तसंच झालं. त्यांनी डोळे मिटून क्षणभर हात जोडले, मग शांतपणे क्रमांक बदलला, मला पुन्हा बांधलं, पुन्हा बसवलं, नव्याने हाक मारली. मळ्यातली चार बाळं यादीत आली. पहिली नीलमची मुलगी.

त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. अजून ती रेषेच्या खालीच आहे, पण आठवड्याला थोडी थोडी वर सरकते आहे. तिचा आकडा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आता यादी देण्याआधी मी दर वेळी लाल अक्षरांत विचारतो : चांदी कोणी वजा केली? सुहासदादा वैतागतात. "याला गप्प करता येत नाही का गं?"

"येतं," श्रियाताई म्हणतात. "पण करायचं नाही."

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी बनवाल. बनवाल तेव्हा ते का केलं, तेही शेजारी लिहून ठेवा. आणि जागेवरचं माणूस बदललं की आम्हाला एकदा उघडून बघा. आम्ही चुकतो तेव्हा काही मोडल्याचा आवाज येत नाही. सांगितलेलं काम आम्ही मन लावून करतच राहतो.