आडकित्ता आणि दिव्यांची पट्टी

कट्ट असा आवाज झाला. सुपारी फुटायला याहून जास्त जोर लागतो, एवढंच सोजराबाईंच्या मनात आलं. त्यांनी आडकित्ता पदराला पुसून चंचीत ठेवला, चंचीची दोरी आवळली आणि आपल्या दारापुढच्या कठड्याला टेकून अशा उभ्या राहिल्या, जणू दिव्यांच्या पट्ट्या कापणं हे त्यांचं रोजचंच काम असावं.

पट्टी पांढरी होती, शिंप्याच्या टेपसारखी लवचिक, आणि अंगावर साबुदाण्याएवढे चौकोनी दाणे ओळीनं बसवलेले. दुपारी त्या बहिणीकडे चऱ्होलीला गेल्या तेव्हा कठडा मोकळा होता. संध्याकाळी जिना चढून येतात तो मजल्याच्या पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत ही बया पसरलेली. खांब आला की खांबाला वळसा, कोपरा आला की कोपऱ्याशी वाकलेली, आणि बिनदिक्कत त्यांच्या दारापुढूनही गेलेली. हे काम कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. पहिल्या दारातली प्राजक्ता. पोरगी दहावीला होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या चालत्याबोलत्या वाहतूक दिव्याला बक्षीस मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जिना उतरताना एक पायरी सोडून उतरायची, आणि कुणी काही विचारलं की उत्तर संपेपर्यंत समोरच्याला हलू द्यायची नाही.

पोरगी गोडच होती. पण सोजराबाईंच्या घरात औंदा दिवाळी नव्हती.

शिमग्याच्या आसपास त्यांचा लेक भिवा गेला. वर्कशॉपातून शिफ्ट करून आला, जिन्याच्या खालच्या पायरीवर जरा टेकतो म्हणाला आणि तिथून उठलाच नाही. आता वर्ष सरेपर्यंत दारात आकाशकंदील नाही, उंबऱ्यापाशी रांगोळी नाही, कढईत तळण नाही. शेजाऱ्यांनी फराळ आणून द्यायचा आणि आपण तो मुकाट घ्यायचा. भोसरी गाव होतं तेव्हापासूनची ही रीत. ज्या तुकड्यात सोजराबाई ज्वारी खुडायच्या त्याच तुकड्यावर चार मजले उभे राहिले, त्यातलं हे एक दार त्यांच्या वाट्याला आलं, म्हणून काही रीत बदलत नाही. गमतीची गोष्ट अशी, की या मजल्यावर दरसाल माळा लावायचा तो भिवाच. वसुबारसेला स्टूल घेऊन निघायचा आणि कुणी बोलवो न बोलवो, चारही दारं उजळूनच खाली उतरायचा. त्याच्या माळा दारोदारच्या वेगळ्या असत. एक बंद पडली तरी दुसरीला पत्ता नसे. तेव्हा आपल्या दारातली पट्टी तोडली की आपलं दार तेवढं अंधारात राहील, हा सोजराबाईंचा हिशेब काही खुळा नव्हता. लोकांच्या दिवाळीशी त्यांचं भांडणच नव्हतं.

दिवेलागणीला प्राजक्ता हातात मोबाईल घेऊन गॅलरीत आली. दोन नंबरच्या दारातली माणसं बाहेर आली. पार शेवटच्या दारात मोनिका उभी राहिली. ती लातूरकडची, भाड्यानं राहायची, नवरा चाकणला सेकंड शिफ्टला गेलेला आणि कडेवर पावसाळ्यात जन्मलेली तान्ही. पोरीची पहिली दिवाळी म्हणून आईनं तिला झालरीचं टोपडं घातलं होतं आणि पोरगी ते टोपडं खाण्याच्या प्रयत्नात होती.

प्राजक्तानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मोबाईलवर बोट ठेवलं आणि पहिल्या दारातून उजेड निघाला. निघाला म्हणजे अक्षरशः चालत निघाला. केशरी ठिपका पुढं, त्याच्यामागे पिवळा, मागे झेंडूच्या रंगाची आख्खी रांग. खांबाला गोल फिरून दोन नंबरच्या दारापुढून धावत ती सोजराबाईंच्या दारापाशी आली. तिथं विझली. सोजराबाईंनी मनातल्या मनात मान हलवली. वेळेत तोडली म्हणून बरं.

मग त्यांचं लक्ष मोनिकाकडे गेलं. मोनिका अजून वाट पाहत होती. तिच्या कठड्यावरची पट्टी तशीच पांढरीफटक, मुकी. तिनं तान्हीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, येईल की, लई लांबून यायलंय.

प्राजक्तानं पुन्हा बोट दाबलं. पुन्हा रांग आली आणि सोजराबाईंच्या दारापाशी नाहीशी झाली. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पोरीचा चेहरा पाहण्यासारखा राहिला नव्हता. ती स्वतःशीच पुटपुटत होती, की शेवटच्या दारापर्यंतचे आकडे बरोबर टाकले होते, दुपारी चालत होतं, माझंच काहीतरी चुकलं असणार. दोन नंबरमधल्या कुणीतरी म्हटलं, जाऊ दे, निम्मं लागलं हेही काय कमी आहे. त्यावर तिचे डोळे भरून आले. बक्षिसाचा सगळा तोरा टोपडं उतरवल्यासारखा उतरला.

पोरगी स्वतःला बोल लावत होती आणि आडकित्ता सोजराबाईंच्या कमरेला होता. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? उंदरानं कुरतडली म्हणून भागलं असतं. पण शेवटच्या दारातली ती तान्ही आता टोपडं सोडून अंधाऱ्या कठड्याकडे टक लावून बघत होती.

"प्राजे," त्या म्हणाल्या, "तुजं काय बी चुकलं न्हाई. म्या तोडली."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सोजराबाईंनी चंची सोडून आडकित्ता दाखवला. पुरावा मागितला नसताना त्यांनी तो दिला.

"आमच्या दारात औंदा दिवा लावायचा न्हाई. एवढंच केलं म्या. त्या लेकराच्या दारातला जाईल हे मला काय ठावं?"

"पण आजी, तुमच्या दारात लागणारच नव्हता," प्राजक्ता म्हणाली. "जयमालाकाकूंनी मला तेच सांगितलं होतं. पट्टी जाऊ दे, पण आमच्यापुढं अंधार ठेव."

जयमाला म्हणजे भिवाची बायको, सोजराबाईंची सून. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाईनवर होती. सकाळच्या अंधारात बस पकडताना तिनं प्राजक्ताला परवानगी दिली आणि सासूला सांगायचं तेवढं राहून गेलं. आज त्यात ओव्हरटाइम.

"लागनार नव्हता, तर पट्टी कशापायी नेली दारावरनं?" सोजराबाईंनी विचारलं.

आता प्राजक्ताला विचारलं म्हणजे झालंच. डोळे पुसायचे राहिले आणि ती सांगायला लागली. या पट्टीतला प्रत्येक दाणा हा एकेक शहाणा दिवा आहे. मोबाईलवरून सगळ्यांचे हुकूम एकदमच निघतात. पहिला दिवा आपल्या नावाचा हुकूम काढून घेतो आणि बाकीचे सगळे पुढच्याच्या हातात देतो. तो आपला घेतो, उरलेले पुढं देतो. असं करत करत शेवटपर्यंत. तुमच्या दारापुढच्या दिव्यांना हुकूम होता काळा. म्हणजे लागायचं नाही, पण पुढच्यांचे हुकूम पुढं द्यायचे.

सोजराबाईंनी पट्टीच्या दाण्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"म्हंजी पंगतीतल्या परातीवानी," त्या म्हणाल्या. "ज्याचा उपास हाय त्यानं खायाचं न्हाई. पर परात पुढं सरकवायची."

प्राजक्तानं डोळे पुसले. मग म्हणाली, हेच मला प्रदर्शनात सुचलं असतं तर पहिला नंबर आला असता. तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं, की तिचा नंबर दुसरा आला होता.

पण परात मध्येच फुटली होती. आडकित्ता बरोबर एका दाण्याच्या छातीवरून गेला होता. तेवढा दाणा काढून टाकून दोन्हीकडची टोकं तीन छोट्या वायरींनी जोडता आली असती. त्याला डाग लावायची विजेची कांडी, म्हणजे सोल्डरिंगची, हवी. ती शाळेत होती आणि शाळेला सुट्टी लागलेली. दुकानात जाऊन येईपर्यंत तान्ही झोपून गेली असती. मोनिका म्हणाली, राहू द्या आजी, उद्या बघतील, तिला काय कळतंय. हे म्हणताना ती हसली, आणि सोजराबाईंना ते हसू काही सहन झालं नाही.

कांडी घरात होती.

पोटमाळ्यावर, भिवाच्या खाकी पिशवीत. तो गेल्यावर जयमालानं ती पिशवी वर सरकवली आणि मग दोघींपैकी कुणीच तिला हात लावला नाही. वर्कशॉपातला एकजण हत्यारं मागायला आला होता. सोजराबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. रोज भाकरी थापताना मान वर केली की पिशवीचा पट्टा दिसायचा, आणि त्या लगेच तव्याकडे बघायच्या. पिशवी उघडली नाही तोवर तो शिफ्टलाच गेल्यासारखा होता.

त्या आत गेल्या. बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला, तशी प्राजक्ता धावली आणि तिनं स्टूल धरून ठेवलं. वर तीही चढू शकली असती. पण तिनं तसं म्हटलं नाही, आणि ते बरं झालं.

पिशवीतून तेलाचा आणि तंबाखूचा वास आला. कांडी सगळ्यात खाली होती, भिवाच्या जुन्या शर्टाच्या बाहीत गुंडाळलेली. शेजारी कथलाच्या तारेचं भेंडोळं.

"तुला येतं व्हय ह्ये?"

"काकांनीच शिकवलंय मागच्या दिवाळीला," प्राजक्ता म्हणाली. "आधी तापव, मग कथील दे, आणि गार होईस्तोवर हात हलवू नको. हललीस तर जोड रुसतो."

जोड रुसतो. हे भिवाचंच बोलणं. सोजराबाईंनी तोंड दुसरीकडे वळवून खोलीतला वायरबोर्ड बाहेर ओढून दिला.

पट्टीची वीज बंद करून प्राजक्तानं फुटका दाणा कापून टाकला. कांडी तापायला लागली आणि त्याच वेळी जयमाला जिना चढून आली. गॅलरीत माणसं जमलेली, मधोमध फरशीवर ती खाकी पिशवी, उघडी. हा तिला मोठा धक्काच असणार. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं नुसती मान डोलावली. मग जयमालानं डब्याची पिशवी दाराशी ठेवली, ओढणी खोचली आणि प्राजक्तासमोर बसून पट्टीची दोन टोकं कठड्यावर दाबून धरली. दिवसभर वायरी धरून धरून बोटं ताठरली होती, तरी टोकं हलली नाहीत. कथलाचा बारीक धूर निघाला.

वीज सुरू झाली. झेंडूची रांग पहिल्या दारातून निघाली, दोन नंबरपुढून धावली, सोजराबाईंच्या दारापाशी दिसेनाशी झाली आणि पलीकडे मोनिकाच्या दारात बाहेर पडली. तान्हीनं दोन्ही हात वर केले. मोनिकाच्या तोंडून फक्त अगं माय निघालं.

"त्यो पयला का लागंना?" सोजराबाईंनी बोट दाखवलं.

मोनिकाच्या दारातला अगदी पहिला दाणा काळा होता. प्राजक्ता म्हणाली, काही नाही आजी, मधला एक गेला ना, त्यामुळे त्याच्या नावाचा काळा हुकूम पुढच्याला गेलाय. एवढं कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

"न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "गेल्याच्या वाटचा अंधार लेकराच्या दारात नगं. आमच्यातच मोज त्याला."

प्राजक्तानं मोबाईलवर काळ्या दिव्यांचा आकडा एकानं कमी केला. दाणा लागला.

मग माणसं पांगली. मोनिकानं चकल्यांची ताटली आणून दिली, जयमालानं ती घेऊन आत ठेवली आणि हातपाय धुवायला गेली. प्राजक्ता पिशवी आवरायला वाकली, तर सोजराबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, म्या बगते. पिशवी वर जाणार का, असं तिनं विचारलं. सोजराबाईंनी दाराच्या आतल्या खुंटीकडे हात केला. हाताशी बरी, म्हणाल्या.

त्या आपल्या दारापुढं अंधारात बसल्या. डावीकडे झेंडू, उजवीकडे झेंडू, मध्ये त्या. मांडीवर शर्टाची बाही पसरली होती आणि समोर फरशीवर कांडी. गार झाल्याशिवाय ती गुंडाळायची नाही, असा भिवाचा नेम होता. सोजराबाईंनी तिच्यावर जरा वर तळहात धरला. अजून ऊब येत होती. त्यांनी हात तसाच ठेवला.