आल्हादचा खरा फोटो

"हा माझा आल्हाद नाही." मीरावहिनींनी फ्रेम काउंटरवर आपटली. "कोणाचा नवरदेव आणून ठेवलास हा?"

मी चिडलेच. दोन दिवस मान मोडून बसले होते त्या फोटोपाशी. रांझीतला आमचा फोटो स्टुडिओ एकवीस वर्षांचा. नवरा खमरियाच्या फॅक्टरीत कामाला, दुकान माझं. गेलेल्या माणसाचा फोटो आला की मी कॉम्प्युटरवर त्याला कोट चढवते, गाल भरते, डोळ्यांखालचं काळं पुसते. लोक नावाजतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू!

येत्या रविवारी महिला मंडळाच्या हॉलमध्ये सात फोटो लागणार होते. सातही आमच्याच भागातली मुलं, स्मॅक आणि इंजेक्शनच्या नशेत गेलेली. प्रत्येक फोटोखाली आईबापांनी लिहिलेलं एक पान. मीरावहिनींनीच दारोदार फिरून सगळ्यांना तयार केलं होतं. आल्हाद गेला तेव्हा त्यांनीसुद्धा "हार्ट फेल झालं" असंच सांगितलं होतं. मग वर्षभराने त्यांनीच एकदा हळदीकुंकवात, सगळ्या बायकांसमोर, खरं काय ते बोलून टाकलं.

"वहिनी, अहो, किती राजबिंडा दिसतोय!"

"तेच ना! लोक येतील, म्हणतील काय देखणा पोरगा होता, अन् चहा पिऊन घरी जातील. कोणाच्या पोटात गोळा यायला पाहिजे की नाही? जसा होता तसा कर त्याला."

मी फाइल उघडली. केलेली दुरुस्ती एकेक करून काढायला लागले. कोट गेला, गाल आत गेले, डोळ्यांखालचं काळं परत आलं. वहिनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

"हे काळं दिवाळीपासून," त्या स्क्रीनला बोट लावून म्हणाल्या. "मी म्हटलं, मोबाइल बघून राहिला असेल रात्रभर. नाक खाजवायचा सारखा, म्हटलं धुळीची अ‍ॅलर्जी. अन् जेवता जेवता झोप लागायची गं त्याला, घास तसाच हातात. मी हसायची. म्हणायची, थकून येतं लेकरू."

माझा माउसवरचा हात थांबला. परवाच आमचा मुलगा, अंबरीश, ताटावर तसा पेंगला होता. हातात भाजीचा घास. आणि मीही हसलेच होते की.

"डोळे राहिले," मी कसंबसं म्हटलं. "डोळ्यातला मधला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होता. तसा डोळा निर्जीव दिसतो, म्हणून मोठा केला होता मी."

"तो तसाच असायचा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर नंतर सांगून राहिले होते, या नशेत अंधारातही तो ठिपका मोठा होत नाही. मला कुठं माहीत होतं? मी रोज बघत होती त्या डोळ्यांत."

गेल्या महिन्यात अंबरीशच्या नोकरीच्या फॉर्मसाठी मीच त्याचा फोटो काढला होता. लाइट गेलेली, बाहेर ढग, दुकानात धड दिसतही नव्हतं. आणि त्याच्याही डोळ्यांतले ठिपके मी मोठे केले होते! हाताला सवय, दुसरं काय. का करतेय, याचा विचारसुद्धा केला नाही.

मूळ फोटो कॉम्प्युटरमध्येच होता. उघडायची हिंमत होईना. शेवटी उघडला आणि डोळा झूम करून बघितला. राईएवढाही नव्हता तो ठिपका.

"वहिनी, बघा ना," म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसून बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "शटर ओढ. मी ऑटो थांबवते."

अंबरीशची गोदामात दुपारपाळी असते, म्हणजे तो अजून घरीच असणार होता. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर एकच: आल्हाद बाथरूममध्ये सापडला होता.

घरात शिरले तर बाथरूमचं दार बंद. आत नळ चालू. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "अंबरीश! ए अंबरीश!" उत्तर नाही. परत बडवलं. देवा, एकदा ओ देऊ दे, मग शिव्या दिल्या तरी चालतील.

"अरे आ रहा हूँ ना!" तो कडी काढून बाहेर आला. "काय झालं आई? काहून आली आज लवकर?"

जिवंत होता. मी त्याचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

"चल, मेडिकल कॉलेजला जायचंय."

"कोण बीमार आहे?"

तेवढ्यात त्याला दारातल्या मीरावहिनी दिसल्या. त्या कोणाची आई आहेत हे आमच्या गल्लीत कोणाला माहीत नाही? तोवर मला वाटत होतं, हा हसेल, "पागल झाली का तू" म्हणेल, आणि मी आनंदाने पागल ठरेन.

तो खाली बघून म्हणाला, "आई, बाबांना नको सांगू."

"सांगणार," मी म्हटलं. "बाबांना सांगणार. कोणी विचारलं तर त्यालाही सांगणार. चप्पल घाल."

ऑटोत त्याला आम्हा दोघींच्या मध्ये बसवलं. पळून जाईल अशी भीती मला. वहिनींनी तर त्याचं मनगट घट्ट धरूनच ठेवलं होतं. वाटेत मदनमहाल येईपर्यंत तीनदा त्याचे डोळे मिटले आणि तिन्ही वेळा मी त्याला ओरडून हलवलं.

"झोपू दे ना आई."

"अजिबात नाही. झोपेतच श्वास थांबला तर? बोलत राहा. काहीही बोल."

"क्या बोलूँ?"

मला काही सुचेना. बाहेर बोट दाखवून म्हटलं, "पाट्या वाच."

तो दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, मोठ्याने, एकेक शब्द तोडून, पहिलीत असताना वाचायचा तसा. मध्येच आवाज बारीक झाला, मान कलली.

"पुढची," मीरावहिनी म्हणाल्या. "पुढची वाच, बेटा."