लेस्टरचा आठ सेकंदांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना बाजा आहे, पण भाता मारून वाजणारी पेटी नव्हे. माझ्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तिच्यावर भरलेला सूर वाजतो. आठ सेकंदांत फीत संपते, सूर तुटतो. आमच्या बँडचं एकेक गाणं पंचवीस मिनिटांचं आणि माझा दम एवढासा! तरी आमचं झकास जमलं होतं.

इंग्लंडातल्या कँटरबरीजवळच्या एका धान्याच्या कोठारात आमची तालीम चाले. मला वाजवायचा हंफ्री आणि गायचा लेस्टर. माझ्या फिती चौकटीत बसवलेल्या असत. एक चौकट काढायची, दुसरी घालायची. एकीत व्हायोलिनं होती, ती विकतची. दुसरी हंफ्रीने स्वतः भरली. तीत लेस्टरचा आवाज होता, पट्टीगणिक एक सूर. खालचे सूर त्याने झोकात लावले. वर जाता जाता बिचारा लालबुंद झाला. शेवटच्या पट्टीला तर ओरडलाच, "मेलो रे! हंफ्री, गाढवा, आधी चहा टाक!"

हंफ्रीने ती फीत तशीच ठेवली. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी तो ती पट्टी दाबायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

पुढे एका प्रवासात गाडीला मोठा दणका बसला. लेस्टरची ती चहाची फीत चौकटीतून सुटली आणि माझ्या तळाशी, मोटारीमागच्या फटीत जाऊन पडली. वाटेत कुठेतरी हरवली, असं सगळे धरून चालले. त्याच वर्षी दोघांचं बिनसलं. लेस्टरला छोटी गाणी हवी होती.

"तुझं गाणं संपेस्तोवर माणूस म्हातारा होतो," तो म्हणाला.

"मग जा ना! कोण अडवतंय?" हंफ्री म्हणाला.

लेस्टर खरंच गेला. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांना साधं पत्रही धाडलं नाही. मी चादरीखाली धूळ खात राहिलो. गेल्या हिवाळ्यात लेस्टर वारल्याची बातमी आली. हंफ्रीने माझ्यावरची चादर ओढून काढली.

मग त्याने बँड पुन्हा उभा केला. जुन्यातला तो एकटाच, बाकी सगळी नवी तरुण मंडळी. गायला इमोजेन नावाची गुणी मुलगी आली. पण नव्या अल्बमचं शेवटचं गाणं लेस्टरनेच म्हणायचं, माझ्या तोंडून, असं हंफ्रीने ठरवलं होतं. त्या एका गाण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

त्याने मला दुरुस्तीला पाठवलं. सोबत चिठ्ठी दिली, 'आतल्या फिती झिजल्यात. टाकून द्या, नव्या घाला.' त्याला वाटलं, आत व्हायोलिनं आहेत आणि लेस्टरची चौकट माळ्यावर जपून ठेवलीय. होतं नेमकं उलटं. शेवटच्या कार्यक्रमानंतर भांडणाच्या भरात चौकट बदलायची राहूनच गेली होती. मला सगळं ठाऊक होतं, पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही हो!

मी चकचकीत होऊन परतलो. हंफ्रीने माळ्यावरची चौकट आणून माझ्यात बसवली आणि पट्टी दाबली. व्हायोलिन वाजलं. दुसरी दाबली, तिसरी दाबली. व्हायोलिनच. त्याने घाईघाईने दुरुस्तीवाल्याला फोन लावून जुन्या फितींचं विचारलं.

"त्या होय? कचऱ्याच्या गाडीत गेल्या की. तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

"हो. मीच लिहिलं होतं," हंफ्री म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"हंफ्री, मी लेस्टर गायचे तसं गाऊन बघू का?" इमोजेनने हळूच विचारलं.

"नको गं पोरी. तू तुझंच गा."

"बरं. बसा तुम्ही, मी चहा टाकते."

चहा म्हणताच त्याचा बांध फुटला. त्याने माझी अगदी शेवटची पट्टी दाबली आणि फीत संपेपर्यंत दाबून धरली. तिथेही व्हायोलिनच होतं.

अल्बम निघाला. शेवटचं गाणं इमोजेनने म्हटलं, फार सुरेख म्हटलं. लोकांनी वाहवा केली. हंफ्रीने मात्र ते गाणं एकदाही ऐकलं नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू नवी करायला निघालात, तर आधी तिच्या आत नीट डोकावून बघा. माझ्या मागच्या फळीचे पाच स्क्रू काढा. मोटारीमागे हात घाला. लेस्टर अजून तिथेच आहे, चहा मागतोय. हंफ्री आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. त्याला कुणीतरी लवकर सांगा हो.