वायर धरून ठेवणारा दादा

मी लॅपटॉप बोलतोय. जरा हळूच बोलतो, रागावू नका, वय झालंय. बॅटरी घटकाभरही तग धरत नाही आणि चार्जर लावायची जागा इतकी सैल झालीय की वायर तिरकी धरली तरच जीवात जीव राहतो.

नवा होतो तेव्हा दादाचा होतो. हिशेबाचे तक्ते, मधूनच पत्त्यांचा डाव, मजा होती. त्याला कामावर टेबलाचा संगणक मिळाला, मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, धाकटीकडे आलो आणि माझी झोप उडाली. तिला मातीतल्या जंतूंवर पीएचडी करायची होती. जागा शोधायची, प्राध्यापकांना लिहायचं आणि वाट बघायची. वाट बघताना माणसं तोच इनबॉक्स किती वेळा उघडतात, ते माझ्या झिजलेल्या कळांना विचारा!

कुणी उत्तरच देईना, कुणी "यंदा निधी नाही" म्हणून वाटेला लावी. "किती दिवस दगडावर डोकं आपटणार आहेस?" दादा करवादायचा. शेवटी घरात ठरलं, ही खेप हुकली तर मिळेल ती नोकरी धरायची.

नेमकं तेव्हाच घाईत तिने दुसऱ्या प्राध्यापकांसाठी लिहिलेलं जुनं पत्र तसंच एका नव्या प्राध्यापक बाईंना धाडलं. शेतातल्या मातीवर काम करणाऱ्या बाईंना लिहिलं होतं, "तुमचं बर्फाखालच्या जंतूंवरचं काम मला फार भावलं." धाकटीने कपाळावर हात मारला. मग दुसरं पत्र लिहिलं: चूक माझी, पण मातीबद्दलचा प्रश्न खरा आहे.

उत्तर आलं, "बर्फाशी माझा संबंध नाही. प्रश्नावर बोलू."

पडद्यावरची मुलाखत रंगात आली आणि वायर सुटली. पडदा मंदावला. मला धडकी भरली, आत्ता विझलो तर हिचं वाटोळं माझ्या हातून! दारातला दादा रांगत टेबलाखाली शिरला, वायर धरून बसला.

"घाईत चुकतेस तू," बाई म्हणाल्या. "प्रयोगात चुकलीस तर?"

धाकटी म्हणाली, "तेव्हाही आधी मीच येऊन सांगेन, मॅडम."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. खाली दादाने वायर आणखी घट्ट धरली. मग बाईंनी विचारलं, "कधी येतेस?"

आता ती तिकडे, बाईंच्या प्रयोगशाळेत आहे, नव्या लॅपटॉपवर काम करते. सुट्टीच्या दिवशी दादा मला उघडतो, वायर धरतो आणि धाकटी पडद्यावर येते.

"दादा, भंगारात दे की रे तो!"

"असू दे गं. चालतोय अजून."

खरंच चालतोय. फक्त कुणीतरी वायर धरायला हवी.