केसपेपरवर न लिहिलेलं तेल

महिनाभर लेकीला एकही फिट आली नव्हती. डॉक्टर खुशीत म्हणाले, "गोळी लागू पडली. आता वाढवू या."

मला ठाऊक होतं, गुण गांजाच्या तेलाचा होता, मी रोज लपूनछपून दिलेल्या तीन थेंबांचा. सांगावं तर पोलीस दारात. न सांगावं तर तेल आणि वाढीव गोळी मिळून पोर झोपेतून उठायची नाही. आत्ताच ती दिवसभर पेंगत होती.

शेजारी सासूबाई होत्या. "नशेचं तेल माझ्या घरात नको," म्हणून याच बाईंनी आठवडाभर अबोला धरला होता.

"गांजाचं तेल मी देते तिला," त्या म्हणाल्या. "धरायचं तर मला धरा. नाहीतरी घरात माझं काय काम असतं?"

डॉक्टरांनी उठून दार लावलं. "हे लिहिलं तर मला वर कळवावं लागेल. म्हणून लिहीत नाही. गोळी निम्मी करतो. पण तीन महिन्यांनी माझी बदली आहे. तोवर या तेलाचा कायदा बदलला तर ठीक, नव्या डॉक्टरांचं मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले गं. चल."

दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.